भरल्या ताटावरून

नळदुर्गच्या किल्ल्याखाली, सोलापूरहून हैदराबादेला जाणाऱ्या सडकेला लागून इरम्माची खाणावळ होती. दारावर पाटी नव्हती. भुकेल्या माणसाला पाटी वाचायला सवड नसते, त्याला धूर दिसला की पुरे, असं तिचा सासरा हणमंतप्पा म्हणायचा. खाणावळीच्या बाबतीत हणमंतप्पा कधी चुकला नाही. बाकी बाबतीत म्हातारा साफ गाढव होता. पोटच्या पोराला ताप भरला तर अंगारे लावत बसला आणि पंचविशीत इरम्माचं कुंकू पुसलं गेलं. पण मरण्याआधी त्यानं सुनेच्या हाती उलथनं दिलं आणि त्याबरोबर आपली सगळी विद्याही दिली.

ती विद्या फार मोठी नव्हती. चूल अशी मांडायची की चुलीपाशी बसलेल्या बाईला अख्खी पंगत दिसली पाहिजे. भाकरी तव्यावरून थेट ताटात गेली पाहिजे, तिला कधी वाट बघायला लावायची नाही. वाढताना माणसाच्या तोंडाकडं बघायचं नाही, हाताकडं बघायचं. तोंड भिडेनं बस म्हणतं, हात खरं बोलतो. पेवातली ज्वारी दोन उन्हं दिल्याशिवाय दळायची नाही. आणि शेवटची गोष्ट, जी म्हाताऱ्यानं मरतानाही दोनदा सांगितली, ती म्हणजे जेवता माणूस उठवायचा नाही.

या शेवटच्या नेमाची कथा सडकेवरच्या सगळ्या लॉरीवाल्यांना पाठ होती. एकदा चोराच्या मागं घोड्यावरचा शिपाई आला, तर चोर पंगतीत बसलेला. हणमंतप्पा दारात आडवा झाला. म्हणाला, तो जेवतोय, तुम्हीपण दोन घास खा. शिपाई बसला, येसराची आमटी भुरकून जेवला, आणि मग दोघं हात धुऊन बरोबरच ठाण्याकडं गेले. लिंगायताच्या घरी जेवण संपलं की ताटात पाणी घालून, बोटानं ताट निपटून ते पाणी पिऊन टाकतात, अन्नाचा कणही वाया घालवत नाहीत. हणमंतप्पानं हाच नेम धरला होता. ताटातलं पाणी पिईपर्यंत माणूस या घरचा, मग तो कुणी का असेना.

कुणी का असेना हे तो नुसतं बोलला नाही. उमरग्याचा लॉरी ड्रायव्हर मौलासाब याला त्यानं जातवाल्यांशी भांडून पंगतीत घेतलं होतं. दाराजवळचं शेवटचं बारदान वीस वर्षं मौलासाबचं होतं. तो आला की लॉरीचा भोंगा वाजवायचा आणि "आपा, भूक लागी" म्हणत न विचारता आपल्या जागी बसायचा.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं आणि सगळं बिघडलं. निजामाच्या राज्याचे दिवस भरत आले होते, पण जाता जाता राज्यानं लोकांच्या कणगीत हात घातला होता. लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी वसुलीच्या नावाखाली ज्वारी उचलून न्यायची. आमच्या भागात ते काम एका जहागीरदाराकडं होतं आणि जहागीरदाराचं काम रामकिसनकडं. रामकिसन कुणब्याचाच पोर, बेंबळीकडचा, पण काठी हातात आली आणि कुणबी कोण हे तो विसरला. सहा गडी घेऊन तो फिरायचा. ज्यानं धान्य लपवलं त्याला बैलाच्या दावणीला बांधून मारायचा, तेही बायकापोरांसमोर. असला माणूस जेवायला मात्र इरम्माकडंच यायचा. जीभ त्याची शहाणी होती, हे कबूल केलं पाहिजे.

लोकांनीही अक्कल लढवली. जळकोटला इरम्माच्या माहेरच्या मळ्यात एक जुनं पेव होतं. विहिरीसारखं खोल खणलेलं, शेणामातीनं लिंपलेलं, वरून दगडानं बंद केलेलं धान्याचं तळघरच ते. गावातल्या वीस घरांनी आपली ज्वारी तिथं गाडली आणि वर कडब्याची गंजी रचली. इरम्माचा धाकटा भाऊ शांतलिंग त्यातून पंधरवड्याला दोन पोती काढायचा आणि गाडीत कडब्याखाली घालून बहिणीकडं आणायचा. खाणावळ त्याच्यावर चालली होती.

पेवात ज्वारी वर्षानुवर्षं टिकते, पण तिला एक कोंदट, आंबूस वास धरतो. दोन दिवस उन्हात पसरली की वास जातो. इरम्मा ते न चुकता करायची. आषाढात मात्र आठ दिवस ढग हटले नाहीत. त्यात एके दिवशी दुपारी पुलापाशी रस्ता खचला आणि चार लॉऱ्या तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तीस माणसं पंगतीला. बारा भाकऱ्या झाल्या आणि पीठ संपलं. शांतलिंगनं सकाळीच आणलेली पोती कोपऱ्यात होती.

"अक्का, ऊन दिलं न्हाय त्याला," शांतलिंग म्हणाला.

"म्हणून काय लोकांना उपाशी धाडू?" इरम्मा म्हणाली आणि जात्यावर बसली.

आपल्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही, ही तिची घमेंड होती. तिनं ज्वारी दळली, काटवटीत पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या. भुकेल्या ड्रायव्हरांना वासाबिसाचं काही कळलं नाही. वाढून झाल्यावर तिनं भावालाही बसवलं. शांतलिंगनं गळ्यातल्या लिंगाला हात लावून डोळे मिटले आणि पहिला घास घेतला, तेवढ्यात रामकिसन आला. गड्यांना अंगणात थांबवून तो एकटाच पंगतीत बसला.

तिनं वाढलं. भाकरीला पेवाचा वास आहे, हे तोवर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. रामकिसननं भाकरी मोडली, तोंडाजवळ नेली आणि थांबला. मग ती नाकाशी धरली.

"इरम्मा, ही ज्वारी कुठली?"

"बाजारची."

"बाजारात ज्वारी हाय व्हय? मला न्हाय गावली." त्यानं पुन्हा वास घेतला. "ही पेवाची हाय. ऊन न दाखवता दळलीस. माझी आय अशी भाकरी करायची तवा बाप ताट फेकून मारायचा. इसरंन कसा म्या हा वास?"

रामकिसननं पंगतीवरून नजर फिरवली. तीस माणसं होती, पण खोटं न जमणारं तोंड एकच होतं. शांतलिंग लहानपणी गूळ चोरायचा आणि आईनं विचारायच्या आधीच रडायचा. आता त्याच्या धोतराला गुडघ्यापाशी पेवाची पांढरी माती लागलेली होती. रामकिसनची नजर तिथं थांबली.

"अक्का," शांतलिंग म्हणाला, "आणखी एक वाढ."

ताटावर आहे तोवर जीव आहे, हे त्याला कळलं होतं. इरम्मानं गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि ती मधे उभी राहिली.

"रामकिसनराव, जेवता माणूस हाय. या घरचा नेम तुमाला ठाव हाय. उठला की काय इचारायचं ते इचारा."

"ठाव हाय की," रामकिसन हसला. "लई ऐकलाय तुझ्या सासऱ्याचा नेम."

आणि त्यानं इरम्माला बाजूला ढकलून शांतलिंगच्या केसांत हात घातला. भरल्या ताटावरून त्याला ओढला. ताट उलटलं, आमटी बारदानावर सांडली, शांतलिंगची टाच त्या भाकरीवरून घसरत गेली. अंगणात गड्यांनी त्याच्याच गाडीच्या जुवातली शिवळ, बैलाच्या मानेलगतचा लाकडी दांडा, उपसली. पहिला तडाखा गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज चुलीपर्यंत आला.

"पेव कुठं हाय?"

"ठाव न्हाय."

दुसरा तडाखा, तिसरा. हात मधे घातला तर बोटं चिरडली. पंगतीतली माणसं मुकाट ताटात बघत राहिली. कसली माणसं ही! वर्षानुवर्षं त्या घरचं खाल्लेली. एकटा मौलासाब दाराजवळच्या आपल्या बारदानावरून तोंडातला घास थुंकून उठला आणि धावला. त्यानं एका गड्याचा गळा धरला. दुसऱ्या गड्यानं त्याच्या उजव्या हातावर पहार घातली आणि मौलासाब भिंतीशी कोसळला. इरम्मा उलथनं घेऊन धावली, तिला उंबऱ्यातच दोघांनी दाबून धरली.

"पेव कुठं?"

शांतलिंगला सांगता आलं असतं. त्या पेवात वीस घरांचं वर्षाचं पोट होतं, आणि ज्या पोराला गूळ लपवता आला नाही त्यानं ते लपवलं. शेवटचा तडाखा डोक्यात बसला. तो सरपटत उंबऱ्यापर्यंत आला, बहिणीच्या पायाशी पोचला आणि तिथंच गेला. त्याच्या उरलेल्या बोटांना शेंगदाण्याची चटणी लागलेली होती.

एवढं झाल्यावर माणूस निघून जाईल. रामकिसन गेला नाही. त्यानं रांजणातून तांब्या भरून घेतला, हात धुतले, प्रेत ओलांडून आत आला आणि आपल्या ताटावर बसला.

"आमटी गार झाली," तो म्हणाला. "गरम घाल."

आणि इरम्मानं घातली. गड्यांनी तिला सोडलं, ती चुलीपाशी गेली, पळी भरली आणि त्याच्या ताटात आमटी वाढली. भीतीनं वाढली का सवयीनं, हे तिला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. रामकिसन पोटभर जेवला आणि पोती उचलून घेऊन गेला. जात्यापाशी सुपात एक पायली ज्वारी राहून गेली. ती इरम्मानं गाडग्यात भरून ठेवली. तिला ऊन दाखवलं नाही, दळली नाही, टाकलीही नाही.

दोन महिने ती भाकऱ्या थापत राहिली आणि रोज तिला तेच आठवत राहिलं. भाऊ गेला हे दुःख होतंच. पण माझ्या आळसानं गेला, माझ्या घमेंडीनं गेला, आणि वर मी त्याच्या मारेकऱ्याला आमटी वाढली, हे तिला जाळत होतं.

सप्टेंबरात सोलापूरकडून हिंदुस्थानची फौज आली. सकाळी तोफा वाजल्या, दुपारी किल्ला हातात आला आणि संध्याकाळपर्यंत निजामाचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही. दुसऱ्या दिवशी गावातले सगळे भित्रे शूर झाले. ज्यांनी ताटातून मान वर काढली नव्हती त्यांच्या हातात कुऱ्हाडी आल्या. गुन्हेगार कोण आणि शेजारी कोण हे बघायला कुणाला वेळ नव्हता. मौलासाबची लॉरी पुलाखाली जाळली. मोडक्या हाताचा तो माणूस बायकोपोरांना घेऊन एका जंगमाच्या घरात लपला.

तिसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर इरम्मा फौजेच्या भाकऱ्या थापत होती. किल्ल्याखालच्या तळावरची फौजेची गाडी कालही याच वेळेला भाकऱ्या न्यायला आली होती. मागच्या दारानं एक माणूस आत आला. अंगरखा फाटलेला, कानशिलातून रक्त वाहत होतं. तो सरळ पंगतीच्या जागेवर गेला आणि बारदानावर बसला.

"इरम्मा," रामकिसन म्हणाला, "जेवायला वाढ."

नेम मोडणाऱ्यालाच नेम आठवला होता.

अंगणात कालवा झाला. तिचा चुलतभाऊ सोमलिंग कुऱ्हाड घेऊन उंबऱ्यात आला, त्याच्या मागं पंधरा-वीस जण.

"अक्का, बाजूला हो!"

इरम्मानं ताट उचललं. त्यात दोन भाकऱ्या, चटणी, आमटी वाढली आणि रामकिसनपुढं ठेवली. मग चुलीतलं जळतं लाकूड घेऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"जेवता माणूस हाय."

"त्यानं शांतलिंगला उठवला तवा?"

"तवा त्यो चुकला. तू तसंच करणार असशील तर तुझ्यात नि त्याच्यात फरक काय? उठला की तुझा. तोवर कुणी उंबरा ओलांडला तर थोबाड भाजीन."

एकानं ओलांडायचा प्रयत्न केला. तिनं खरंच भाजलं. गालाची कातडी चरचरली, तो बोंबलत मागं पडला. मग सगळे थांबले. सोमलिंग उंबऱ्याबाहेर कुऱ्हाड टेकून बसला. "जेवू दे," तो म्हणाला. "पोट केवढंसं असतंय."

रामकिसन जेवू लागला, बारीक घास करून, सावकाश. दोन भाकऱ्या संपल्या. "आणखी एक वाढ." तिनं वाढली. तिसरी, चौथी. फौजेसाठी तोवर झालेल्या मोजक्या भाकऱ्यांची चवड उतरत चालली. सहाव्या भाकरीला त्याला घाम फुटला, सातवी घशात अडकू लागली. तो घास घेई आणि पुलाच्या दिशेनं कान लावी. मग इरम्माला कळलं. तिनं नेम पाळला होता आणि तो त्या नेमाआड बसून गाडीची वाट बघत होता. गाडी आली की फौज त्याला कैद करून नेणार, खटला होणार, आणि असल्या माणसाचा कुणीतरी वशिला निघणारच.

"आणखी एक वाढ," रामकिसन म्हणाला.

"भाकऱ्या संपल्या, पीठबी संपलं," इरम्मा म्हणाली. "दळावं लागंल."

"दळ की. म्या बसतो."

तिनं गाडगं उतरवलं आणि जात्यावर बसली. जातं घरघरू लागलं. बाहेरचे चुळबुळ करत होते, शिव्या देत होते. रामकिसनच्या तोंडावर मात्र जरा कळा आली, दळण होईपर्यंत वेळ आपलाच असं त्याला वाटलं. तिनं घाई केली नाही. पीठ काटवटीत घेतलं, गरम पाण्यानं मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर फुगवली. आणि तव्यावरून थेट ताटात टाकली.

रामकिसननं भाकरी मोडली. वाफ वर आली. तो थांबला. त्यानं ती नाकाशी धरली नाही, धरायची गरजच नव्हती.

"वळखलीस?" इरम्मा समोर बसली. "शांतलिंगनं आणलेली हाय. त्याच्या वाट्याची. खा."

त्यानं अर्धी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, ते पश्चात्तापाचं होतं की ठसक्याचं, कोण सांगणार. उरलेली अर्धी हातात राहिली. तेवढ्यात पुलावर गाडीचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला. बाहेरच्या कालव्यात इतर कुणी ऐकला नाही.

रामकिसनचा चेहरा उजळला. "आणखी एक वाढ, इरम्मा," तो घाईनं म्हणाला. "लई भूक हाय."

काटवटीत आणखी चार भाकऱ्यांचं पीठ होतं. चार भाकऱ्यांत गाडी दारात आली असती. इरम्मानं त्याच्या हाताकडं पाहिलं. बोटं भाकरीवर नुसती पडून होती. तोंड भूक म्हणत होतं, हात खरं बोलत होता. पण खरं सांगायचं तर तिनं हाताकडं पाहिलं ते निमित्त शोधायला. तिला तो मेलेला बघायचा होता.

तिनं वाकून त्याच्यासमोरचं ताट उचललं.

"अगं, म्या जेवतोय!" रामकिसन ओरडला. "जेवतोय म्या! नेम हाय तुझा!"

"सोमलिंग," ती म्हणाली, "झालं त्याचं."

ते आत घुसले. त्याला पायांनी ओढला, त्याची नखं बारदानात अडकली आणि बारदान त्याच्याबरोबर अंगणापर्यंत गेलं. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. नंतर घाव मोजण्यासारखे राहिले नाहीत. तो किंचाळत होता तेव्हा आणि किंचाळायचा थांबला तेव्हाही इरम्मा त्याच्या जागेवर बसली होती. तिनं मांडीवर ताट घेतलं. त्यात अर्धी भाकरी होती. ती तिनं खाल्ली. कोंदट, आंबूस घास घशाखाली ढकलला. मग ताटात पाणी घातलं, बोटानं ताट निपटलं आणि पाणी पिऊन टाकलं.

गाडी आली. शिपायांनी हवेत बार काढले, माणसं पांगली, सोमलिंगला पकडून नेलं. ज्या उंबऱ्यावर शांतलिंग गेला होता त्याच्याजवळच रामकिसन पडला होता. तीन खेपा पाणी ओतलं तरी फरशीच्या चिरांतलं रक्त गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात मौलासाब उभा राहिला. भोंगा वाजला नाही, वाजवायला लॉरी नव्हती. उजवा हात वाकडा जुळलेला, दाढी वाढलेली, तीन दिवसांचा उपाशी. गावातून दबत दबत आला होता. दाराजवळचं त्याचं बारदान तिथंच होतं. वीस वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं, आज विचारलं.

"आपा, आत बसू का?"

"बसा की," इरम्मा म्हणाली. "तुमची जागा हाय."

मौलासाबनं आपल्या जागेकडं पाहिलं. मग त्यानं उंबऱ्यापलीकडच्या काळ्या डागाकडं पाहिलं, आणि तिच्याकडं. काल काय झालं ते अख्ख्या नळदुर्गाला माहीत होतं.

"नको," तो हळू म्हणाला. "हातावर दे."

तिनं त्याच्या डाव्या तळव्यावर भाकरी ठेवली, वर चटणी ठेवली. सडकेकडं तोंड करून, उभ्या उभ्या, दोन्ही बाजूंना बघत तो खाऊ लागला. इरम्मानं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. एवढी होईपर्यंत थांबा, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण कशाच्या जिवावर थांबा म्हणायचं ते तिला सुचेना. तिनं मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. भाकरी करपल्याचा वास सुटला तरी ती जागची हलली नाही.